परदेशी निघालेल्या मुलांचे सामान

आपली मुले-मुली आता अमेरिकेत बिऱ्हाड थाटतात. निघताना आई भंडाऱ्याची नवीकोरी पितळी भांडी पेटीत भरते. आमचे म्हणणे, नवी नको, घरची जुनी द्या. ज्या घरात आपण राहिलो तेथे निदान वर्षभर वापरलेली भांडीकुंडी तिथले कस्टम खाते जकात न घेता सोडते. ३२९९ क्रमांकाचा फॉर्म भरून सोबत यादी जोडायची. नव्या वस्तूवर मात्र जकात बसू शकते. म्हणजे आजीचा गुंड सुटतो अन् कालचा डबा अडतो!

पेटी गावच्या सुताराकडून आंब्याच्या फळ्यांची करू नका. कच्चे लाकूड ठरावीक उष्णता देऊन शिक्का मारलेलेच लागते. प्लायवूडला ही अट नाही.

आणि तांदूळ? घरच्या धानाचा चार पायल्या द्यावा असे आम्हालाही वाटते. पण खापरा भुंगेऱ्याच्या भीतीने अमेरिकेने २०११ पासून आपल्याकडचा तांदूळ प्रवाशांच्या सामानात बंद केला आहे. बियाणे, उसाची कांडी तर नकोच. लपवून नेले तर दंड होतो.

जहाजाचे भाडे बहुधा जागेच्या मापाने असते, तेव्हा भांडी एकात एक घालून भरा.