झाड लावावे आषाढात, जगवावे वैशाखात

आपल्या समाजात वृक्षारोपणासाठी दोन दिवस जणू ठरून गेले आहेत : १४ एप्रिलची भीमजयंती आणि वैशाखी पौर्णिमा. यामागील भावना थोर आहे. ऋतू मात्र प्रतिकूल आहे. विदर्भ-मराठवाड्यात या दिवसांपासून मृग नक्षत्रापर्यंतचा काळ कोवळ्या रोपाला सर्वांत कठीण जातो. पारा ४२ ते ४५ अंशांवर असतो, वारा कोरडा वाहतो आणि परीक्षा आटोपल्यामुळे वसतिगृह रिकामे झालेले असते. पाणी घालणाऱ्या हातांची सर्वाधिक गरज असते, तेव्हाच ते हात गावी गेलेले असतात. नावाचा फलक उभा आणि शेजारचे रोप वाळलेले, असे दृश्य निवासी शाळांच्या आवारात दिसते, ते यामुळेच.

या बाबतीत आपला वारसा काय सांगतो? सम्राट अशोकाच्या दुसऱ्या शिलालेखात माणसांच्या व पशूंच्या उपयोगासाठी विहिरी खोदल्याची आणि झाडे लावल्याची नोंद एकत्रच येते. दिल्ली-टोपरा स्तंभावरील सातव्या लेखात सावलीसाठी लावलेले वड आणि आमराया यांच्या जोडीने विहिरी व पाणपोया आहेत. संयुत्तनिकायातील वनरोप सुत्तातही वन लावणाऱ्यासोबत विहीर आणि पाणपोई उभारणाऱ्याचे पुण्य सांगितले आहे. झाडाचा विचार पाण्याच्या विचारापासून तेथे कधीही तुटलेला नाही.

मात्र माणसांनाच पाणी अपुरे पडते, तेथे झाडांना ते कोठून द्यावे, हा पालकांचा प्रश्न रास्त आहे. पाण्याला स्पर्श करण्याच्या हक्कासाठी ज्यांना २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर जावे लागले, त्यांच्या लेकरांना पाण्याचे मोल निराळे सांगावे लागत नाही. म्हणून पहिला नियम असा की, पिण्याचे पाणी माणसांचे व पशुपक्ष्यांचे; बागेला द्यायचे ते वापरून झालेले पाणी. तांदूळ, डाळ व भाज्या धुतलेले पाणी कोणत्याही झाडाला चालते. स्नानाचे पाणी वाळूच्या खड्ड्यातून गाळून केळी व कर्दळीकडे वळवावे; साबणाचे पाणी पालेभाज्यांना मात्र घालू नये.

दुसरी गोष्ट हिशेबाची. एका वर्षाच्या रोपाला दर तिसऱ्या दिवशी साधारण १० लिटर पाणी पुरते. ४० रोपे धरली तर एका पाळीला ४०० लिटर, म्हणजे दोन मोठी पिंपे. चाळीस दिवसांत अशा चौदा पाळ्या होतात. एकूण पाणी ५,६०० लिटर लागते, म्हणजे एका लहान टँकरहून थोडे अधिक. एवढ्यावर चाळीस झाडांचे आयुष्य उभे राहते.

पाणी किती दिले याइतकेच ते कसे दिले हेही महत्त्वाचे आहे. रोज थोडे शिंपडल्याने केवळ वरची माती भिजते, मुळे वरच्या थरातच पसरतात आणि एका तापलेल्या दुपारी करपतात. त्यापेक्षा दोन दिवस सोडून, पहाटे किंवा सूर्यास्तानंतर, सावकाश आणि खोलवर पाणी मुरवावे. ते बुंध्याशी ओतू नये. बुंध्याभोवती मातीची भर आणि तिच्या बाहेर गोल चर, असे दुहेरी आळे करावे. जेथे रोज कोणी जाऊ शकत नाही, तेथे रोपाशेजारी साधे, पाझरणारे मडके गळ्यापर्यंत पुरावे व भरून झाकण ठेवावे. मातीला कोरड पडेल तसतसे ते आपोआप पाझरते.

मुरलेली ओल टिकवण्यासाठी आच्छादन हवे. कडुनिंबाचा पालापाचोळा, गव्हाचे काड किंवा उसाचे पाचट आळ्यात चार बोटे जाडीचे पसरावे. वाळवी लागू नये म्हणून खोडाभोवती वीतभर जागा मोकळी सोडावी. शाळेत पाचोळा झाडून पेटवण्याची सवय असेल, तर ती सोडली पाहिजे. पश्चिमेकडून तुराट्यांचा वा पऱ्हाट्यांचा आडोसा करावा आणि उघड्या खोडाला चुना लावावा. या दिवसांत छाटणी करू नये, रासायनिक खतही देऊ नये. दुपारी पाने मलूल दिसताच पाणी ओतण्याची घाई नको. संध्याकाळी ती सावरली, तर झाड तहानलेले नाही. सकाळीही ती मलूलच असतील, तर मातीत दोन पेरे बोट घालून पाहावे आणि कोरडे लागल्यास पाणी द्यावे. वळवाची सर आली की पाणी थांबवण्याचा प्रघात आहे. त्या सरीने बहुधा वरचा थरच भिजतो. मुळे तहानलेलीच राहतात. मृगाचा पाऊस नीट बसेपर्यंत पाळी मोडू नये.

मग जयंतीला व वैशाखी पौर्णिमेला काय करावे? त्या दिवशी दोन फूट लांब, रुंद व खोल खड्डे खोदावेत. उन्हाने ते तापले की मातीतील किडी व रोगबीजे बरीचशी नष्ट होतात. रोप लावावे ते आषाढी पौर्णिमेला. तथागतांनी सारनाथला धम्मचक्र प्रवर्तित केले तो हा दिवस, आणि वर्षावासाचा प्रारंभही याच सुमारास होतो. पुढल्या वैशाखी पौर्णिमेला, लावलेल्यांपैकी किती जगली, याची मोजणी सर्वांसमोर व्हावी. पिंपळाची जागा निवडताना विहाराच्या व वर्गांच्या भिंतींपासून पुरेसे अंतर ठेवावे, एवढी दक्षता पुरेशी आहे.

रोपाला पहिले तीन उन्हाळे माणसाचा आधार लागतो. त्यानंतर बहुतेक देशी झाडे स्वतःच्या मुळांवर उभी राहतात. वसतिगृहातील मुलांचेही याहून फारसे निराळे नसते. सुट्टीतील चाळीस दिवसांच्या चौदा पाळ्या जवळपास राहणाऱ्या माजी विद्यार्थ्यांनी व पालकांनी वाटून घेतल्या, तर एकेकाच्या वाट्याला वर्षाकाठी एखादी सकाळ येईल. देणगीच्या पावतीवर ही सकाळ लिहिली जाणार नाही. परंतु जून महिन्यात परतणाऱ्या मुलांना ती झाडांवर दिसेल.