नव्या भगिनीला मागे सोडू नका

वसई-विरारची मॅरेथॉन २०११ साली सुरू झाली. पूर्ण मॅरेथॉन ४२.१९५ किलोमीटरची. पाम-बोईसरच्या आम्ही काही शिक्षिका आणि गृहिणी तिथल्या अर्ध्या अंतराची, म्हणजे साधारण २१ किलोमीटरची तयारी करत आहोत. रविवारी फजरनंतर निघतो. तारापूर औद्योगिक वसाहतीकडचा रस्ता टाळतो. तिकडे कंपन्यांच्या बस आणि टँकर फार. समुद्राच्या बाजूचा रस्ता बरा.

मागच्या रविवारी एक नवी भगिनी आली. आमच्याबरोबर राहायचे म्हणून पहिलाच किलोमीटर जीव तोडून धावली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "तुम्ही व्हा पुढे, आपा." अशी मागे राहिलेली बाई सहसा पुन्हा येत नाही. घरच्यांनाही आयते निमित्त मिळते, "सांगितलं होतं ना, हे आपलं काम नाही!" म्हणून आम्ही सगळ्याच चालू लागलो.

धावताना पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. शब्द तुटू लागले की वेग जास्त झाला समजावे, दोन मिनिटे चालावे, मग पुन्हा हळू धावावे. यात कमीपणा कसला? प्रेषितांबरोबर (स.) हजरत आयेशा (रजि.) शर्यत धावल्याचे हदीसमध्ये आहे, एकदा त्या जिंकल्या, एकदा हरल्या.

त्या दिवशी सहा किलोमीटरला तासाच्या वर लागला. परतताना नवी भगिनी बिर्याणीच्या मसाल्यावर बोलत होती, तेही धावता धावता, धाप न लागता.