मोफत ग्रंथ आणि देशोदेशींचे कायदे

वाशीम म्हणजे वाकाटकांचे वत्सगुल्म. येथील राजा सर्वसेन याने 'हरिविजय' हे प्राकृत काव्य रचले. आज ते अलंकारशास्त्रकारांनी घेतलेल्या उताऱ्यांपुरतेच उरले आहे. नकला पुष्कळ झाल्या असत्या, तर कदाचित ते आपल्या हाती असते. म्हणूनच जुनी पुस्तके कोणालाही फुकट उतरवून घेऊ देणाऱ्या संकेतस्थळांचे आम्हांला अगत्य वाटते. परंतु पुस्तक मोफत झाले असे म्हणताच प्रश्न येतो, कोणत्या देशात?

आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे हक्क चालतो. १९५७ च्या कायद्यात ही मुदत ५० वर्षांची होती. रवींद्रनाथांच्या ग्रंथांवरील हक्क १९९१ अखेर संपण्याची वेळ आली, तेव्हा ती वाढली. साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणून नाशिकच्या तुरुंगात लिहिलेली 'श्यामची आई' १ जानेवारी २०११ पासून सर्वांची झाली. अमेरिकेत मात्र त्या काळच्या पुस्तकांची मोजणी मृत्यूपासून नव्हे, प्रकाशनापासून होते, तीही ९५ वर्षे. जी परदेशी पुस्तके १ जानेवारी १९९६ रोजी स्वदेशात हक्काखाली होती, त्यांना तिकडे नव्याने संरक्षण मिळाले. १९३५ ची 'श्यामची आई' त्यात सापडली, ती २०३० संपेपर्यंत! उलट सावरकरांची १९२७ ची 'माझी जन्मठेप' अमेरिकेत २०२३ पासून मुक्त. सावरकर १९६६ साली वारले, म्हणून भारतात तिच्यावरील हक्क २०२६ अखेरपर्यंतचा.

मग संकेतस्थळ चालविणाऱ्याने करावे काय? विकिमीडिया कॉमन्स मूळ देश आणि अमेरिका, दोन्हीकडे मुक्त असलेलेच स्वीकारते. प्रोजेक्ट गुटेनबर्ग अमेरिकेचा कायदा पाहते. टोमास मान आदी तीन लेखकांच्या १८ पुस्तकांवरून जर्मन न्यायालयाने २०१८ साली विरुद्ध निकाल दिला, तेव्हा गुटेनबर्गने आपला सगळाच संग्रह जर्मनीपुरता बंद केला; २०२१ मध्ये तडजोड झाल्यावर तो उघडला. अठरा पुस्तकांपायी सारे ग्रंथालय कुलूपबंद! यात वाचकाचा काय अपराध?

आम्हांला बरा वाटतो तो मार्ग साधा आहे. पुस्तक ज्या देशात मुक्त, त्या देशातल्या संगणकावर ते ठेवावे. पहिल्याच पानावर लेखकाचे मृत्युवर्ष व प्रथम प्रकाशनाचे साल छापावे. आणि परदेशस्थ वाचकाला आपल्या देशाचा कायदा पाहण्यास सांगावे. प्रत मात्र जुन्या आवृत्तीचीच घ्यावी. मागाहून कोणी प्रस्तावना लिहिली असेल, चित्रे काढली असतील, तर त्यांचा हक्क वेगळा चालतो. अनुवादकाचाही तसाच.