रक्तपितीवर कविता लिहिणारा वकील : बाबा आमटेंच्या ‘ज्वाला आणि फुले’मध्ये आहे तरी काय?

भंडारा : गावात कुणाच्या अंगावर फिक्कट चट्टा दिसला, की आजही म्हातारी माणसं आवाज खाली करून बोलतात. ‘रक्तपिती’ हा शब्द उंबऱ्याबाहेर निघत नाही. पण या आजाराच्या सोबतीने जगून लिहिलेली कविता मराठीत आहे, आणि लिहिणारा आपल्याच विदर्भातला.

हिंगणघाटात १९१४ साली जन्मलेले मुरलीधर देविदास आमटे, म्हणजे बाबा, वरोऱ्यात वकिली करायचे. एकदा भर पावसात त्यांना रस्त्याकडेला तुळशीराम नावाचा रुग्ण दिसला. बोटं झडलेली, अंगात किडे. बाबा घाबरून घरी पळाले. मग स्वतःच्याच भीतीची लाज वाटली, परत गेले आणि त्याची सेवा केली. पुढे कलकत्त्याला जाऊन या आजाराचं शिक्षण घेतलं. तिथे प्रयोगासाठी जंतू स्वतःच्या अंगात टोचून घेतले, तरी आजार झाला नाही. (बहुतेक माणसांच्या अंगात तो अडवायची ताकद असतेच.) १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती निघाली आणि वरोऱ्याजवळच्या पडीक रानात आनंदवन उभं राहिलं.

‘ज्वाला आणि फुले’ हा कवितासंग्रह १९६४ सालचा, मुक्तछंदातला. यात ‘बिचारा रोगी’ नाही. इथला माणूस हाताची बोटं गेली तरी काम करतो, घाम गाळतो, काहीतरी उभं करतो. जुन्या समजुतीत हा रोग म्हणजे मागच्या जन्मीचं पाप. बाबांच्या कवितेत पापाचा हिशेब नाही, दयेची भीकही नाही. पहिल्या वाचनात भाषा जरा भारी वाटते, पण मोठ्याने वाचली की उलगडते.

पुढे मणक्याच्या दुखण्याने बाबांना बसताच येईना. एकतर उभं राहायचं, नाहीतर आडवं. त्याच अवस्थेत सत्तरीत, १९८५ मध्ये ते कन्याकुमारीहून काश्मीरकडे ‘भारत जोडो’ला निघाले.

लाज हेच या आजाराचं खरं दुखणं. चट्टा खाजत नाही, दुखत नाही, चिमटा काढला तरी कळत नाही. म्हणून माणूस गप्प राहतो आणि तोवर नसा खराब होतात. त्या मग सहसा पूर्ववत होत नाहीत. वेळेत सांगितलं तर सरकारी दवाखान्यात गोळ्या फुकट मिळतात, प्रकार पाहून सहा महिने किंवा वर्षभर. उपचार सुरू झाला की संसर्गाची भीतीही लवकर जाते.

कायदाही उशिराच सुधारला. कुष्ठरोगमुक्त व्यक्ती १९९५ च्या दिव्यांग कायद्यात आल्या, २०१६ च्या कायद्यात सिकलसेलही आला. पण नवराबायकोत एकाला कुष्ठरोग झाला, तर तेवढ्यावर घटस्फोट मागायची सोय कायद्यात २०१९ पर्यंत होती.

आशाताई तपासणीला दारात आल्या, तर पाठ दाखवायला लाजू नका. पाठीवरचा चट्टा स्वतःला दिसत नाही.