पिकअपचे दिवे मिणमिणतात? मोठा बल्ब टाकायच्या आधी हे वाचा



आज फवारणीचा सल्ला नाही, गाडीचा आहे. मी कृषी पदविकावाला, मेकॅनिक नव्हे. पण आपला माल रात्री एक-दोनला गुलटेकडी मार्केट यार्डाकडे निघतो, आणि बऱ्याच जणांची पिकअप आता जुनी झालीय.

मागच्या हंगामात आमच्या घरची गाडी वाटाणा भरून दिवे घाट उतरत होती. वळणावर बंद पडलेला ट्रक अगदी नाकासमोर आल्यावर दिसला. ब्रेक लागला म्हणून निभावलं. दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये १००/९० वॅटचे बल्ब टाकून घेतले. आठ दिवसांत होल्डर वितळला!

दोष बल्बचा नव्हताच, वायरिंगचा होता. साधा बल्ब ६०/५५ वॅटचा असतो. अप्परला दोन्ही मिळून १२० वॅट, म्हणजे १२ व्होल्टवर १० अँपिअर. जुन्या गाड्यांत बहुतेक वेळा हा सगळा करंट बॅटरीतून केबिनमधल्या स्विचला जातो आणि तिथून परत पुढे दिव्याला येतो. वायर बारीक, जोड गंजलेले. लांबलचक ठिबकच्या शेवटच्या ड्रिपरला प्रेशर मिळत नाही, तसं बल्बचं होतं. व्होल्ट १० टक्के घटले तर उजेड जवळपास ३० टक्के घटतो. मोठा बल्ब त्याच वायरीतून १७ अँपिअर ओढतो, वायर तापते आणि आग लागायची भीती. शिवाय असे बल्ब रस्त्यावर चालवायला मंजूर नाहीत.

आधी मोजा. मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा, इंजिन आणि दिवे चालू. एक पिन बॅटरीच्या प्लसला, दुसरी बल्बच्या प्लस पिनला (होल्डर लावलेलाच असू दे). आकडा अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आला तर वायरमध्ये गळती आहे. मग बॅटरीचा मायनस आणि बल्बची अर्थ पिन असंच तपासा. इथे आकडा जास्त आला तर अर्थचा बोल्ट काढा, पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत घासा, घट्ट आवळा. पुष्कळदा एवढ्यावरच काम होतं, एक रुपया खर्च नाही.

प्लसमध्ये गळती असेल तर दोन रिले लावा, एक अप्परला, एक डिप्परला. बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरात १५ अँपिअरचा फ्यूज, तिथून रिलेची ३० नंबर पिन. ८७ नंबरवरून बल्बला. स्विचकडून येणारी जुनी वायर ८६ ला, ८५ ला अर्थ. आता स्विच फक्त इशारा देतो, करंट थेट जातो. काम करताना बॅटरीचा मायनस आधी काढायचा. काही गाड्यांत स्विच अर्थच्या बाजूला असतो, त्यांची जोडणी वेगळी; तिथे स्वतः हात घालू नका, इलेक्ट्रिशियनला दाखवा.

हे सामान पुण्यात बुधवार पेठेत तापकीर गल्लीत बघा. इंजिनाचे पार्ट मात्र नाना पेठेत. पिकअप पेठेत नेऊ नका, उभी करायला जागा मिळत नाही. माल उतरवून स्वारगेटहून मेट्रोने मंडईला उतरा, पुढे चालत. रिलेवर १२ व्होल्ट लिहिलंय ना बघा, २४ चा ट्रकचा असतो. वायर २.५ चौरस मिमीची, बारीक तारांची. दुकानातच टोक चाकूने खरवडा. आत पांढरी दिसली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियम आहे, घेऊ नका.

शेवटी दिव्याची नजर. माल भरला की मागची बाजू बसते आणि उजेड झाडांच्या शेंड्यावर जातो, समोरच्याचे डोळे दिपतात. नेहमीएवढा माल भरून सपाट जागी भिंतीपासून २५ फुटांवर उभी करा. डिप्परच्या उजेडाची वरची कड दिव्याच्या मध्यापेक्षा तीनेक इंच खाली हवी.

इंजिनाची ताकद वाढवायचंही काही जण विचारतात. एअर फिल्टर, डिझेल फिल्टर बदला, टायरची हवा बघा, गेलेली ताकद परत येईल. पंपाचा स्क्रू फिरवून डिझेल जास्त सोडलं तर काळा धूर आणि गरम इंजिन. जादा पाटे टाकल्याने ब्रेक मोठे होत नाहीत, आणि आरसीबाहेरचा बदल मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ मध्ये अडकतो.

मल्टिमीटर कंपनीच्या संकलन केंद्रावर ठेवलाय. माल घालायला याल तेव्हा पाच मिनिटं थांबा, मोजून देतो.