शोधनिबंधाचा विषय : विस्ताराकडून नेमकेपणाकडे

शोधनिबंध लिहू इच्छिणारा विद्यार्थी प्रथम जो विषय सुचवितो, तो बहुधा ‘बौद्ध धम्म आणि समाज’ असा असतो. विषय मोलाचा खरा. परंतु वीस पानांत तो मावत नाही. मग स्वतः पुरावा तपासण्यास अवकाश उरत नाही आणि इतरांची मते एकत्र करण्यावरच काम थांबते. म्हणून विषयास स्थळ, काळ, साधन आणि प्रश्न अशा चार मर्यादा घालाव्यात.

उदाहरण घेऊ. स्थळ : नाशिकची त्रिरश्मी लेणी, ज्यांना पांडवलेणी हे नाव पुढे रूढ झाले. काळ : क्षत्रप नहपानाचा. साधन : लेणे क्रमांक १० मधील, नहपानाचा जावई उषवदात याचा दानलेख. त्याने हे लेणे भिक्षुसंघास दिले आणि ३,००० कार्षापणांची अक्षयनीवी, म्हणजे मुद्दल अबाधित राखून केवळ व्याज वापरावयाची ठेव, गोवर्धन येथील श्रेणींकडे ठेवली. पैकी २,००० विणकरांच्या एका श्रेणीकडे दरमहा शेकडा १ या दराने, तर १,००० दुसऱ्या विणकर-श्रेणीकडे शेकडा पाऊण या दराने. पहिल्या ठेवीतून वर्षावासातील २० भिक्षूंस चीवरासाठी प्रत्येकी १२ कार्षापण द्यावयाचे होते. बारा महिन्यांचे व्याज २४० होते. भिक्षूंचा खर्चही २४०च. हिशेब तंतोतंत जुळतो.

आता प्रश्न उभा राहतो : संघाच्या चीवराचे द्रव्य विणकरांच्या श्रेणींवर का सोपविले गेले? येथे श्रमजीवी कारागिरांची पत हा मोठा विषय सहजच समोर येतो, मात्र पुराव्याच्या आधाराने. एका लेखावरून सर्व कारागिरांचे सामाजिक स्थान ठरविता येणार नाही. जुन्नरच्या लेखांतील श्रेणींशी तुलना मात्र करता येईल. आपला पुरावा कोठपर्यंत बोलतो, हे सांगणे हाही संशोधनाचाच भाग होय.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रबंधासाठी हिंदुस्थानची समग्र अर्थव्यवस्था न घेता ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेची उत्क्रांती निवडली. नेमक्या विषयाची मांडणी खोडून काढणे विरोधकासही कठीण जाते. आपला इतिहास आपण लिहावयाचा, तर ही शिस्त अंगी बाणविलीच पाहिजे.

तेव्हा विषय निश्चित करताना स्वतःस दोन गोष्टी विचाराव्यात : माझा विषय एका प्रश्नार्थक वाक्यात मांडता येतो काय? आणि कोणता पुरावा आढळल्यास माझे उत्तर चुकीचे ठरेल? दोहोंची उत्तरे मिळाली, की लेखनास प्रारंभ करावा.