टेपरेकॉर्डरचा पट्टा

पिठाची गिरणी आपण सर्वांनी पाहिली आहे. एका बाजूला मोटर फिरते. दुसऱ्या बाजूला दगड फिरतो. मध्ये पट्टा असतो. पट्टा तुटला की मोटर नुसतीच फिरते, पीठ काही पडत नाही. म्हणून काय कोणी गिरणी मोडीत काढतो? छे! नवा पट्टा चढवतो, की दळण सुरू.

जुन्या टेपरेकॉर्डरचेही तसेच आहे.

१९६० ते १९८० च्या काळातले, दोन मोठ्या रिळांचे टेपरेकॉर्डर काही घरांत आणि संस्थांत अजून आहेत. बहुतेक माळ्यावर धूळ खात पडलेले असतात. पण त्यांच्या टेपा मोलाच्या असतात. एखाद्या टेपेवर आजीने म्हटलेल्या जात्यावरच्या ओव्या असतात. एखादीवर गावच्या भजनी मंडळाचे भजन असते. माणसे गेली, आवाज तेवढा राहिला. त्या आवाजाची दुसरी नक्कल सहसा नसते. आणि यंत्र लावावे, तर रीळ जागचे हलत नाही. घरचे म्हणतात, "मेले यंत्र! घाला भंगारात."

थांबा. पुष्कळदा यंत्र मेलेले नसते. आतला रबरी पट्टा गेलेला असतो. तो कसा बदलावा, हे आम्ही इथे सांगतो.

पट्ट्याचे काम काय?

टेप म्हणजे प्लास्टिकची लांब, अरुंद पट्टी. तिची रुंदी पाव इंच असते. तिच्यावर लोखंडाच्या ऑक्साइडच्या भुकटीचा पातळ लेप असतो. आवाज त्या लेपात चुंबकाच्या गुणाने साठवलेला असतो. ही युक्ती जर्मनीत फ्रिट्झ फ्लॉयमर याने १९२८ साली काढली. पुढे १९३५ साली बर्लिनच्या प्रदर्शनात असे यंत्र लोकांना पाहायला मिळाले.

टेप हेडसमोरून जाते आणि हेड तिच्यावरचा आवाज टिपते. पण टेप एकसारख्या वेगाने गेली पाहिजे. ती ओढतो कोण? एक बारीक पोलादी दांडा. त्याला कॅपस्टन म्हणतात. त्याला चिकटून एक रबरी रूळ असतो. दोघांच्या मध्ये टेप दाबली जाते आणि पुढे सरकते. दांड्याच्या दुसऱ्या टोकाला एक जड चाक असते. चाक जड, म्हणून ते हिसके खात नाही. मोटर आणि हे जड चाक यांच्यामध्ये असतो आपला पट्टा. चरख्याची माळ जशी चाकाची गती चातीला देते, तसा हा पट्टा मोटरची गती चाकाला देतो.

घरगुती यंत्रात टेप बहुधा सेकंदाला सुमारे साडेनऊ किंवा १९ सेंटिमीटर जाते. वेग कमी झाला तर आवाज जाड आणि रेंगाळलेला येतो. वेग वाढला तर तोच आवाज चिरका होतो. पट्टा घसरू लागला तर गाणारा थरथरतो आहे, असे वाटते.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. सर्वच यंत्रांत पट्टा नसतो. काहींत रबरी चाके असतात, काहींत वेगवेगळ्या मोटरी असतात. आत पाहिल्याशिवाय पट्टा विकत आणू नका.

पट्टा का बिघडतो?

रबर म्हातारे होते. कधी ते सैल पडते, कधी कडक होऊन त्याला भेगा पडतात. काही पट्टे तर वितळून डांबरासारखे काळे आणि चिकट होतात. यंत्र वापरले नाही तरी असे होते. नुसते ठेवल्यानेही पट्टा जातो.

गिरणीचा पट्टा घसरला की राळ लावतात. इथे मात्र राळ, तेल, पावडर काही लावायचे नाही. केसांचे रबर किंवा सायकलच्या ट्यूबची चकती घालून भागवूही नका. चाक फिरेल खरे, पण आवाज डुलत राहील.

आधी जीव जपा

हे यंत्र २३० व्होल्टच्या विजेवर चालते. परदेशातून आणलेली काही यंत्रे ११० व्होल्टची असतात, म्हणून पाटीवरचा आकडा आधी वाचा. यंत्र उघडण्यापूर्वी प्लग भिंतीतून काढा. नुसते बटण बंद करून भागत नाही. प्लग काढल्यावरही आतल्या काही भागांत वीज काही वेळ साठून राहते. म्हणून थोडा वेळ थांबा, आणि तारांच्या व डब्यांच्या भागाला हात लावू नका. आपले काम चाकापाशी आहे, तिथेच ठेवा. विजेच्या कामाची सवय नसेल तर जाणत्या माणसाला शेजारी बसवा.

पट्टा कसा बदलावा?

१. मोलाची टेप यंत्रावरून काढून बाजूला ठेवा.

२. खाली स्वच्छ कापड पसरा. झाकणाचे स्क्रू काढा आणि वाटीत ठेवा. लांब स्क्रू एका वाटीत, आखूड दुसऱ्या वाटीत.

३. काही हलवण्याआधी मोबाईलवर दोन-चार फोटो घ्या. पट्टा कोणत्या चाकावरून कसा गेला आहे, ते नंतर आठवत नाही.

४. जड चाकाला धरणारी एक लोखंडी पट्टी बहुधा असते. तिचे स्क्रू सैल करा. पट्टा सरकवण्यापुरतीच जागा करा. चाक ओढून बाहेर काढू नका. त्याखालच्या बारीक चकत्या हरवतात.

५. जुना पट्टा काढा. तो वितळला असेल तर हातमोजे घाला. तो काळा चिकटा कपड्याला लागला की जाता जात नाही.

६. चाके पुसा. आयसोप्रोपिल अल्कोहोल नावाचे स्पिरिट फडक्याला थोडेसे लावा आणि जुन्या रबराचा कणही ठेवू नका. स्पिरिट दांड्याच्या बुडाशी सांडू देऊ नका, नाहीतर तिथले तेल धुऊन जाईल. स्पिरिट पेट घेते. जवळ विडी किंवा दिवा नको. रॉकेल आणि पेट्रोल तर मुळीच नको.

७. नव्या पट्ट्याचे माप घ्या. जुना पट्टा ताणलेला असतो, त्याचे माप खरे नसते. पट्टा जिथून जातो, तिथून दोरा फिरवा. दोऱ्याची लांबी मोजा. नवा पट्टा त्याहून शंभराला सुमारे पाच इतका कमी असावा. दोरा ४०० मिलिमीटर भरला, तर पट्टा ३८० मिलिमीटरचा घ्यावा. रुंदी आणि जाडी जुन्यासारखीच हवी, कारण जाडी बदलली की वेगही थोडा बदलतो. फार ताठ पट्टा घेतला तर मोटर तापते. सैल घेतला तर घसरतो.

८. हात धुऊन, कोरडे करून नवा पट्टा चढवा. त्याला पीळ पडू देऊ नका. चपट्या पट्ट्याची चाके पुष्कळदा मध्ये किंचित फुगीर असतात. पट्टा आपोआप मधोमध यावा, म्हणून ती तशी केलेली असतात. जड चाक हाताने दहा वेळा फिरवा. पट्टा जागेवर राहिला, तर झाकण लावा.

मग वेग पाहा

आता मोलाची टेप लगेच लावू नका. आधी एखादी निकामी टेप लावा. तिच्यावर दोन खुणा करा, एकमेकींपासून ५ मीटर ७१ सेंटिमीटरवर. यंत्र १९ सेंटिमीटरच्या वेगावर ठेवा. पहिली खूण हेडसमोरून गेली की घड्याळ पाहा. दुसरी खूण ३० सेकंदांनी आली, तर वेग बरोबर आहे. टेप गुंतत नाही, चुरगळत नाही, हेही पाहा.

सगळे ठीक असेल तर आजीची टेप लावा. पण लाल बटणाला हात लावू नका! ते आवाज भरण्याचे बटण असते. ते लागले तर नवा आवाज भरण्याआधी जुना पुसला जातो, आणि पुसलेला आवाज परत मिळत नाही.

टेप किंचाळू लागली किंवा हेडवर तपकिरी भुकटी साचू लागली, तर यंत्र ताबडतोब थांबवा. ती भुकटी म्हणजेच आपला आवाज. अशी टेप जाणकाराकडेच न्यावी.

टेप नीट वाजली की तो आवाज संगणकावर उतरवून घ्या. एक नक्कल घरी ठेवा, दुसरी नातेवाइकांकडे द्या. नवा पट्टाही एक दिवस जुना होणार, आणि टेपही झिजणार. यंत्र चालू आहे तोवर हे काम उरकावे.

लक्षात ठेवा

प्लग आधी, झाकण नंतर.
माप दोऱ्याचे, जुन्या पट्ट्याचे नव्हे.
निकामी टेप आधी, मोलाची टेप नंतर.
लाल बटणाला हात नाही.